दारूचे बिऱ्हाड

नगर जिल्ह्याला दारू परकी आहे, असे कोणी म्हणू नये. श्रीरामपूरजवळच्या टिळकनगरने नाव दिलेल्या कंपनीची ‘मॅन्शन हाउस’ ब्रँडी दक्षिणेकडच्या राज्यांत धो धो खपते. प्रवरेकाठी लोणीला १९५० साली सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पाठोपाठ जिल्हाभर कारखान्यांची धुराडी उभी राहिली. कारखाना आला की मळी आली, मळी आली की डिस्टिलरी आली. आता जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, पण उसाचा हा फाटा जिथे वळायचा तिथेच वळतो. नवल एवढेच, की दारू बनवण्यात जराही संकोच न करणाऱ्या या मुलखाने ती चारचौघांत बसून पिण्यासाठी धड घर कधी बांधले नाही. जे दिले ते बिऱ्हाड, आणि त्या बिऱ्हाडाचे नाव परमिट रूम.

परमिट रूम ओळखायला पाटी वाचावी लागत नाही. काळ्या काचा, दाराला जाड पडदा, आणि शेजारी ‘फॅमिली’साठी वेगळा जिना नाहीतर वेगळे दार. आत शिरल्यावर डोळ्यांना दोन मिनिटे काही दिसत नाही. मग हळूहळू लाल-निळे दिवे, रेक्झिनची बाकडी, भिंतीवरचा टीव्ही आणि गल्ल्यामागचा साईबाबांचा हार घातलेला फोटो उमटू लागतो. संध्याकाळी मालक आधी त्याला उदबत्ती ओवाळतो, मगच पहिली बाटली फोडली जाते. मला यात ढोंग दिसत नाही. दुकान ते दुकान, आणि शिर्डी याच जिल्ह्यात आहे.

इथली मापे शाळेत शिकवत नाहीत, तरी सगळ्यांना पाठ असतात: नाईन्टी, क्वार्टर म्हणजे १८० मिली, हाफ, आणि ७५० चा खंबा. चकण्याला खारे शेंगदाणे, कांदा-टोमॅटो पसरलेला मसाला पापड, उकडलेली अंडी. नेप्तीच्या बाजारात कांद्याची पट्टी हातात पडलेला शेतकरी, एमआयडीसीतून सुटलेला फिटर, निकाली निघालेल्या दाव्याचा आनंद किंवा दुःख घेऊन आलेला तालुक्याचा माणूस, असे सगळे इथे येतात. येतात पण भेटत नाहीत. प्रत्येक टेबल आपापल्या अंधारात. शेजारच्या टेबलाला ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ असे विचारण्याची रीत एसटीत आहे, चहाच्या हॉटेलात आहे, इथे नाही. उलट ओळखीचा चेहरा दिसला तर दोघेही टीव्हीकडे बघतात.

हा अंधार कायद्यातून आला आहे. १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे. ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ झाले, एवढाच नावात फरक. या कायद्याच्या नजरेत पिणे हा अपवाद आहे. तो करायचा तर प्रत्येकाकडे परवाना हवा, आणि तो परवाना मिळतो आरोग्य राखण्यासाठी! विदेशी दारूसाठी एका दिवसाचा पाच रुपयांना, आजन्म हजार रुपयांना. कडक दारूला वयाची अट पंचवीस वर्षांची. अठराव्या वर्षी आमदार निवडता येतो, एकविसाव्या वर्षी लग्न करता येते, पण लग्नातल्या दुःखावर पेग घ्यायला चार वर्षे थांबावे लागते. परवाना खिशात ठेवून बसलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

इंग्रजांनी मात्र चारचौघांत बसून पिण्याला घर दिले. लंडनच्या सदर्क भागातला ‘जॉर्ज इन’ घ्या. १६७६ च्या आगीत जळाल्यावर पुढच्याच वर्षी तो पुन्हा बांधला. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, अंगणाकडे तोंड केलेले लाकडी सज्जे, वर मुक्कामाच्या खोल्या, खाली पिण्याच्या. घोडागाड्या थेट अंगणात येत. रेल्वे आली आणि गोदामांसाठी तिने दोन बाजू पाडल्या. उरलेली एक बाजू १९३७ पासून नॅशनल ट्रस्टकडे आहे आणि आजही तिथे बिअर मिळते. शेजारचा ‘टॅबर्ड’, जिथून इंग्रज कवी चॉसरच्या कथांमधले यात्रेकरू निघाले, तो मात्र १८७३ मध्ये गेला. देवदर्शनाची यात्रा दारूच्या खोलीतून सुरू होते, हे आपल्या वारकऱ्याला सांगून बघा.

लाकडी सांगाड्याची घरे आपल्याकडे नव्हती, असे थोडेच आहे? दगडी जोते, त्यावर तळखडे, तळखड्यांवर सागाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, फळ्या आणि पांढऱ्या मातीचे माळवद. घर किती मोठे हे खणांत सांगायचे. अहिल्याबाईंच्या चौंडीत शिंद्यांचा वाडा जपलेला आहे, पण असे पडके-उभे वाडे जामखेड, कर्जत, श्रीगोंद्याकडे गावोगाव दिसतील. दिंडी दरवाजातून आत शिरले की दोन्ही हातांना ढेळज. येणारा-जाणारा, फिर्यादी, सोयरा, पोस्टमन, सगळे तिथे टेकणार. पाणी, पान-सुपारी, तंबाखूची चंची, पुढच्या काळात चहा. गावाची खरी बैठक ती. तिच्यात दारूला जागा नव्हती. पाटलाने घेतलीच तर मळ्यात. इंग्रजी अमलात लिलावाने मक्ता घेऊन गुत्ता चालायचा, तोही गावकुसाच्या कडेला. गुत्ता असा कडेला असण्यात जातीचा हिशेबही होता, हे विसरून वाड्याचे गोडवे गाऊ नयेत.

बिऱ्हाडकरूला घालवणे सोपे असते, आणि या जिल्ह्याने ते वारंवार करून दाखवले. राळेगणसिद्धीत पिणाऱ्यांना खांबाला बांधून फटके दिले गेले. अण्णा हजाऱ्यांनी ते कधी लपवले नाही, उलट त्याचे समर्थन केले. हिवरे बाजारने नशाबंदी गावाच्या पंचसूत्रीतच घातली. बाकीच्या गावांत बायकांकडे मतपत्रिका आहे: उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. फटक्यांपेक्षा मला ही मतपत्रिका कितीतरी पटीने मानवते, कारण दारूचा खर्च घरात कोण भरते हे तिला ठाऊक आहे.

बंदीची दुसरी बाजू फेब्रुवारी २०१७ मध्ये नगर तालुक्यातल्या पांगरमलला दिसली. जिल्हा परिषदेच्या निवडणुकीतली पार्टी, विषारी दारू, माणसे दगावली. ती बनावट दारू जिल्हा रुग्णालयाच्या आवारातल्या कॅन्टीनमध्ये तयार होत होती, असे तपासात निघाले. त्याच वर्षी १ एप्रिलपासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आतले बार बंद झाले. नगरसारख्या चौफेर महामार्ग फुटणाऱ्या शहरात त्याचा अर्थ सांगायला नको. काही महिन्यांत पालिका हद्दीपुरती सूट मिळाली आणि पडदे पुन्हा लागले.

अलीकडे पुणे रस्त्याला ‘वाडा’ नावाची हॉटेले निघाली आहेत. सिमेंटचे खांब, त्यांना सागाचा रंग, दाराशी बैलगाडीचे चाक, बसायला नकली ओसरी. थाळी, बाजरीची भाकरी, काळा रस्सा, वर सोलकढी. ज्याला त्याआधी क्वार्टर हवी असते, तो अजून रस्ता ओलांडून समोरच्या काळ्या काचेत जातो आणि बडीशेप चघळत परत येतो.