रक्ताची गोष्ट – भाग ९ : गटाचा दोष किती, विडीचा किती?

रक्तदान शिबिरात मिळालेल्या कार्डावर ‘बी पॉझिटिव्ह’ वाचून हल्ली पुष्कळ जण विचारतात : या गटाच्या लोकांना हार्ट अटॅक जास्त येतात म्हणे, खरं का? प्रश्न रास्त आहे, आणि आपल्याकडे ‘बी’ गटाची माणसं भरपूर असल्यानं उत्तर नीट द्यायला हवं.

गेल्या आठवड्यात जखमेवर गुठळी कशी धरते ते पाहिलं. त्या कामातल्या एका प्रथिनाचं रक्तगटाशी थेट नातं आहे : फॉन विलेब्रांड घटक. फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी १९२६ मध्ये ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबातल्या रक्तस्रावाच्या आजाराचं वर्णन केलं. त्यामागे याच प्रथिनाची उणीव होती, हे पुढे कळलं. एरवी ते गुंडाळलेल्या दोरासारखं रक्तात फिरतं. धमनीचं अस्तर फाटलं की वेगवान प्रवाहाच्या ताणानं उलगडतं आणि प्लेटलेटना धरून भिंतीला चिकटवतं. गोठण्याचा आठवा घटक, ज्याच्या अभावी हिमोफिलिया होतो, तोही याच्याच आधारानं टिकतो.

‘ए’ आणि ‘बी’ म्हणजे लाल पेशींवरच्या साखरेच्या साखळ्यांची टोकं. तशाच साखळ्या या प्रथिनावरही असतात. ‘ओ’ गटात ती टोकं नसतात, तिथे हे प्रथिन रक्तातून लवकर काढून टाकलं जातं. म्हणून ‘ओ’ गटात त्याचं प्रमाण सरासरी २५ टक्क्यांनी कमी भरतं.

याचा भक्कम पुरावा आपल्या महाराष्ट्रातल्या एका शोधातून मिळाला. १९५२ मध्ये मुंबईच्या डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या गटाची नोंद केली, तोच ‘बॉम्बे’ रक्तगट. साध्या तपासणीत तो ‘ओ’ वाटतो, पण ‘ओ’च्या पायाशी असलेला ‘एच’ रेणूही त्यात नसतो. म्हणून या माणसांना ‘ओ’ गटाचं रक्तही चालत नाही. आणि त्यांच्यात फॉन विलेब्रांड घटक ‘ओ’ गटापेक्षाही कमी आढळतो.

मग हृदयाच्या धमनीत गुठळी धरून येणाऱ्या हार्ट अटॅकचं काय? अमेरिकेत सुमारे ९० हजार जणांवर वीस वर्षांहून अधिक लक्ष ठेवून हार्वर्डच्या संशोधकांनी २०१२ मध्ये निष्कर्ष मांडले. ‘ओ’च्या तुलनेत हृदयविकाराचा धोका ‘एबी’ गटात २३, ‘बी’मध्ये ११ आणि ‘ए’मध्ये ५ टक्क्यांनी जास्त दिसला. म्हणजे ‘ओ’ गटाच्या शंभरांपैकी दहा जणांना हा आजार होणार असेल, तर ‘बी’ गटाच्या तशाच शंभरांत अकरा जणांना. या अभ्यासातले बहुतेक लोक गोरे होते, हेही ध्यानात ठेवावं. पायाच्या नसांतल्या गुठळ्यांची गोष्ट वेगळी. तिथे ‘ओ’ नसलेल्यांचा धोका जवळपास दुप्पट असतो, आणि ऑपरेशननंतर अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या घरच्यांनी हे जरूर जाणावं.

आता ‘बी’ गटाचा हा अकरा टक्क्यांचा आकडा गोंदियाच्या एका जुन्या उद्योगाशेजारी ठेवा. इथल्या जंगलात तेंदूपत्ता तोडला जातो, इथल्या हातांनी विड्या वळल्या. ‘इंटरहार्ट’ या ५२ देशांतल्या अभ्यासाचे तंबाखूविषयीचे निष्कर्ष २००६ मध्ये आले : फक्त विडी ओढणाऱ्यांत हार्ट अटॅकचा धोका जवळपास तिप्पट, फक्त तंबाखू चघळणाऱ्यांत दुपटीहून अधिक. खर्रा खाणाऱ्यानं दुसरा आकडा आपलाच समजावा. धुरानं धमनीचं अस्तर दुखावतं, प्लेटलेट चिकट होतात, गुठळीला लागणारं फायब्रिनोजेन हे प्रथिन वाढतं. ‘बी’ गट ज्या दिशेनं किंचित ढकलतो, त्याच दिशेनं विडी जोरात ओढते. फरक इतकाच की गट बदलता येत नाही, विडी सोडता येते. ‘ओ’ गटाच्या विडी ओढणाऱ्या मामांना कार्ड दाखवून निश्चिंत राहू देऊ नका.

आणि छातीत दडपण, घाम, हातात किंवा जबड्यात कळ आली तर गॅस समजून सकाळची वाट पाहू नये. मोठ्या रुग्णालयांचं नागपूर गोंदियाहून रेल्वेनं सुमारे १३० किलोमीटर, सालेकसा-देवरीच्या गावांतून आणखी लांब. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच खरं उपयोगी पडतं. १०८ ला फोन करा आणि जवळच्या रुग्णालयात आधी ईसीजी काढायला सांगा.

पुढच्या आठवड्यात : सिकलसेल असलेल्या रक्तात गुठळ्या का होतात?