एका वेळी एकच बशी

बँकॉक शहरात दिवे लागले की पदपथांवर खाण्याच्या गाड्या उभ्या राहतात. त्यांतल्या एका गाडीपुढे तुम्ही रांगेत उभे आहात अशी कल्पना करा. भडकलेली शेगडी, तिच्यावर खोलगट लोखंडी कढई आणि भोवती वाडग्यांतून मांडलेले साहित्य : भिजवलेल्या तांदळाच्या नूडल्स, टोफू म्हणजे सोयाबीनचे पनीर, सोडे, अंडी, मुगाचे लांब मोड, चिंचेचा कोळ, ताडगूळ आणि मासे मिठात मुरवून काढलेले खारट पाणी. पदार्थाचे नाव पॅड थाई. ‘पॅड’ म्हणजे परतलेले. थाई माणसाच्या तोंडी तो शब्द ‘फट’ असा काहीसा ऐकू येतो. सयामचे नाव १९३९ साली थायलंड झाले. त्यानंतर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तिथल्या सरकारने नूडल्स खाण्याचा मोठा प्रचार केला, आणि हा पदार्थ घरोघर माहीत झाला. कढईत परतण्याची रीत मूळची चिनी, आंबट-गोड चव मात्र थाई.

तुमच्या पुढे सहा गिऱ्हाइके आहेत. सर्वांना हाच पदार्थ हवा आहे. कढईत चार बशांचा ऐवज सहज मावेल. तरीही गाडीवरच्या बाई एका वेळी एक, फार तर दोन बशांपुरतेच परततात. असे का बरे?

आधी नूडल्सकडे पाहू. गव्हाच्या पिठात चिकट प्रथिने असतात, म्हणून त्याच्या शेवया तुटत नाहीत. तांदळात ती नसतात. म्हणून तांदूळ भिजवून वाटतात, ते पातळ वाटण पसरून वाफवतात. सुमारे ६५ ते ७५ अंश सेल्सिअसला पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात व चिकट होतात. थंड होताना त्यांतले ॲमिलोजचे लांब, सरळ रेणू एकमेकांना धरतात आणि पापुद्रा घट्ट होतो. मग पट्ट्या कापून वाळवतात. कोकणात शिरवाळे करताना आधी पिठाची उकड का काढतात, तेही आता तुमच्या ध्यानात आले असेल. उकड नाही तर धागा नाही.

या वाळलेल्या पट्ट्या बाई साध्या पाण्यात भिजवतात, उकळत नाहीत. भिजून त्या लवचीक होतात, पण शिजायच्या बाकी असतात. ते काम कढईत चिंचेच्या कोळात होते. काही पाणी नूडल्स पितात, उरलेले वाफ होऊन जायला हवे. ते लवकर गेले नाही तर नूडल्स त्यातच उकडत राहतात, पृष्ठभागावरचे पिष्ट सुटते आणि कढईत होते ती खळ! कागद चिकटवायला उत्तम, खायला नाही. शिवाय पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांच्या वर फारसे जात नाही, आणि खमंगपणा आणणाऱ्या रासायनिक क्रिया जोरात चालतात त्या १४० अंशांच्या आसपास व पुढे.

आता हिशेब करू. समजा, एका बशीमागे ६० ग्रॅम पाणी उडवायचे आहे. १ ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० कॅलरी लागतात, हा बाष्पनाचा अप्रकट उष्मा. म्हणजे झाल्या ३२,४०० कॅलरी. (नूडल्स तापवायलाही उष्णता लागते; सोपेपणासाठी ती सोडून देऊ.) ही उष्णता दोन ठिकाणांहून येते. एक, तापलेल्या कढईतली ठेव. कढई दीड किलोची, लोखंडाचा विशिष्ट उष्मा ०.११; ती २५० अंशांवरून १५० वर आली तर १६,५०० कॅलरी देते. निम्मे पाणी नुसत्या ठेवीवर उडाले! दुसरी, शेगडीची मिळकत. घरची शेगडी कढईला सेकंदाला २०० कॅलरी पोचवते असे धरा. उरलेल्या १५,९०० कॅलरींना सुमारे ८० सेकंद लागतील.

चार बशा एकदम टाकल्या तर? लागतील १,२९,६०० कॅलरी. ठेव मात्र तेवढीच! उरल्या १,१३,१००, म्हणजे ५६५ सेकंद. ऐवज चौपट, वेळ सातपट! साडेनऊ मिनिटे उकडलेल्या नूडल्सचे काय होईल ते सांगायला नकोच.

गाडीवरची शेगडी याच्या चौपट जोरदार धरली, तर एका बशीला २० सेकंद, चारांना १४१. येथे हुशार विद्यार्थी विचारील, ‘पण प्रत्येक बशीनंतर कढई पुन्हा तापवावी लागणार, मग बाईंचा वेळ वाचला कुठे?’ बरोबर आहे. एकूण उष्णता तेवढीच, एकूण वेळही जवळपास तेवढाच. वाचतो तो नूडल्सचा पाण्यात उकडण्याचा वेळ. रिकामी कढई तापताना कोणाचे काही बिघडत नाही.

मोड शेवटी घालतात तेही यासाठीच. १०० ग्रॅम मोडांत जवळजवळ ९० ग्रॅम पाणी असते. आधी घातले तर उष्णतेने पेशी फुटतात, खारट रसही पाणी ओढून काढतो, आणि उडवलेले पाणी परत कढईत येते. म्हणून ते शेवटी दोन उलथण्यांपुरते, काही तर कच्चेच, लिंबाची फोड व दाण्याच्या भरडीबरोबर बशीत.

तुमच्या शेगडीची मिळकत मोजणे अवघड नाही. घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर घ्या. ५०० ग्रॅम पाणी कढईत घेऊन मोठ्या आचेवर ३० अंशांवरून ८० अंशांपर्यंत तापवा आणि वेळ मोजा. पाण्याला २५,००० कॅलरी मिळाल्या. १२५ सेकंद लागले तर मिळकत सेकंदाला २०० कॅलरी. मग कढई रिकामी करून तोला आणि वरचा हिशेब आपल्या आकड्यांनी पुन्हा मांडा. कढई ॲल्युमिनियमची असेल तर विशिष्ट उष्मा ०.२२ धरा; पण ती वजनाला हलकी भरेल, हे विसरू नका.