सेनापतींच्या वस्तू आणि त्यांची साक्ष

एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन सेनाधिकाऱ्यांच्या तलवारी, पट्ट्यांची बक्कले आणि सहीची छायाचित्रे यांचे तिकडे लिलाव होतात. त्यांत नकली मालही असतो. तेव्हा अस्सल वस्तू ओळखावी कशी? यासाठी आपण व्हर्जिनियातील अ‍ॅपोमॅटॉक्स कोर्ट हाउस या खेड्यात जाऊ या.

९ एप्रिल १८६५ रोजी तेथे विल्मर मॅक्लीन या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात दक्षिणेचा जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण आला. ली घोड्यावर बसून गेला न गेला तोच उत्तरेचे अधिकारी सामानावर तुटून पडले. ज्या टेबलावर ग्रँटने शरणागतीच्या अटी लिहिल्या, ते जनरल शेरिडनने २० डॉलरना घेतले. लीजवळचे टेबल जनरल ऑर्डने ४० डॉलरना. काहींनी पैसे न देताच हात मारला. मालकाच्या धाकट्या मुलीची, लूलाची, चिंध्यांची बाहुलीसुद्धा एका कॅप्टनने नेली. त्या पोरीचे कोणते सैन्य हरले होते!

शेरिडनने ते टेबल जनरल कस्टरच्या पत्नीला भेट दिले आणि सोबत आपल्या हातची चिठ्ठी जोडली. सारी किंमत त्या चिठ्ठीत आहे. आम्ही कामगार संघटनेची माणसे हजेरीपत्रके आणि पावत्या चाळीत वाढलो. कागदावाचून मागणी टिकत नाही, हे आम्हांस कोणी शिकवावयास नको. कस्टर १८७६ मध्ये लढाईत पडला. त्याच्या पत्नीने १९३३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ते टेबल राखले. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. ऑर्डचे शिकागोस आहे.

परंतु चिठ्ठी सांगते ती सेनापतींची हकीकत. ग्रँटने अटी पेन्सिलीने लिहिल्या. त्यांची शाईतील प्रत केली ती ईली पार्कर या त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्याने. हा सेनेका जमातीचा मूळ रहिवासी. त्याने कायद्याचा अभ्यास केला होता. पण तू या देशाचा नागरिक नाहीस, म्हणून त्याला वकिली नाकारण्यात आली. ज्यांच्या अक्षराने तो दिवस कागदावर उतरला, त्यांच्या नावाने टेबल ओळखले जात नाही!

ते घर १८९३ मध्ये वॉशिंग्टनला नेऊन मांडण्यासाठी उतरविले. बेत फसला, विटा आणि लाकडे जागेवरच कुजली. सरकारने ते पुनः बांधून १९४९ मध्ये लोकांना खुले केले. बाहुली आता तेथे परत आली आहे. घरामागे गुलामांच्या राहण्याची जागाही दाखवितात. त्यांच्या वस्तूंसाठी मात्र त्या दुपारी कोणी खिशात हात घातला नव्हता.