आफ्रिकेचे तत्त्वचिंतन (७) : इफा आणि निवडलेले मस्तक

मागील लेखात पाहिलेल्या प्लासिड टेम्पल्स यांच्या १९४५ सालच्या बांटू तत्त्वज्ञानावरील ग्रंथाने संपूर्ण समाजाच्या मनात एकच अव्यक्त दर्शन वसत असल्याचे गृहीत धरले होते, आणि बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलँ हुंतोंजी यांनी १९७६ मध्ये नेमके याच गृहीतकावर बोट ठेवले. सगळा समाज एकमुखाने विचार करतो असे मानले की शंका आणि खंडन यांना जागाच राहत नाही, आणि मग हाती उरते ते केवळ लोकसमजुतींचे संकलन, असा त्यांचा आक्षेप होता. आक्षेप रास्त आहे. परंतु तो प्रत्येक परंपरेला सारखाच लागू पडतो काय, हे तिच्या संहितेत शिरल्यावाचून ठरवता येत नाही. नैऋत्य नायजेरिया व लगतच्या बेनिनमधील योरुबा लोकांची इफा ही प्रश्नविद्या या दृष्टीने कसोटीची ठरते.

इफाचा जाणकार, म्हणजे बाबालावो, लाकडी तबकावर वाळवीने कोरलेल्या लाकडाची भुकटी पसरतो आणि सोळा ताडबिया एका हातातून दुसऱ्या हाताने एकदम उचलू पाहतो. मागे एक बी राहिली तर भुकटीत दोन रेघा, दोन राहिल्या तर एक रेघ, आणि याखेरीज काही घडले तर तो डाव बाद. अशा आठ खुणांच्या, चार-चारांच्या दोन ओळी जुळल्या की एक ‘ओडू’, म्हणजे आकृती, सिद्ध होते, आणि अशा २५६ आकृत्या संभवतात. प्रत्येक ओडूशी निगडित अनेक पद्यकथा बाबालावोने दीर्घ शिष्यत्वात मुखोद्गत केलेल्या असतात. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विल्यम बॅस्कम यांच्या नोंदीप्रमाणे प्रश्नकर्ता आपला प्रश्न नाण्याशी कुजबुजतो, बाबालावोला सांगत नाही. पद्ये ऐकता ऐकता आपल्या प्रसंगाला लागू पडणारे पद्य तोच निवडतो. निर्णयाचा भार असा ऐकणाऱ्यावर येतो, ही गोष्ट बहुतेक वर्णनांत एका वाक्यात उरकली जाते, ती वास्तविक मध्यभागी असावयास हवी.

या पद्यांतील ‘ओरी’ची कल्पना विशेष विचारणीय आहे. ओरी म्हणजे मस्तक, आणि त्याचबरोबर माणसाचे भागधेय. आपल्याकडे सटवाई कपाळी लिहून जाते. योरुबा कल्पनेत मात्र माणूस जन्मापूर्वी अजाला नावाच्या घडवणाऱ्याकडे जाऊन स्वतःच मस्तक निवडतो. अजाला कसबी असला तरी कर्जबाजारी व बेभरवशाचा असल्याने त्याच्याकडील काही मस्तके कच्ची असतात, पण ती वरून ओळखू येत नाहीत. एका पद्यात तीन मित्र निघतात. दोघे घाईने मस्तके उचलतात, ती वाटेतल्या पावसात झिजतात आणि पृथ्वीवर कितीही राबले तरी त्यांच्या पदरी काही पडत नाही. तिसरा, अफुवापे, वडिलांना भेटण्यासाठी मागे राहतो, सांगितलेला विधी करतो, अजालाचे देणे फेडतो, आणि अजाला त्याला पक्के मस्तक दाखवून देतो.

येथे प्रश्न उभा राहतो तो असा की, ज्या वस्तूचा गुण कळत नाही ती उचलण्याला निवड म्हणावे काय, आणि त्या निवडीचे उत्तरदायित्व माणसावर कसे टाकावे? सेगुन ग्बादेगेसिन यांच्यासारख्या तत्त्वज्ञांनी हा पेच उघडपणे हाताळला आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खुद्द पद्यसंग्रहच एका सुरात बोलत नाही. दुसऱ्या एका पद्यात सर्व मस्तके मसलतीस बसतात, पण ‘एसे’ला, म्हणजे पायाला, बोलावणे करत नाहीत, आणि त्यामुळे त्यांचा बेत फसतो, पाय हे येथे प्रयत्नाचे प्रतीक आहे. पहिल्या कथेतील श्रम वाया जातात, दुसरीत श्रमांवाचून भागधेयाचेच अडते. ही विसंगती दोष मानून गाळणाऱ्या अभ्यासकाने हुंतोंजींच्या आक्षेपाला आपण होऊन पुरावा पुरवला, असेच म्हणावे लागेल. अर्थात ही पद्ये बहुतांशी निनावी असल्याने कोणी कोणाचे खंडन केले हे सांगता येत नाही, आणि तेवढ्यापुरता तो आक्षेप शिल्लक राहतो.

बॅस्कम यांचा १९६९ चा ग्रंथ मुख्यतः इफे नगरातील पद्यांवर, तर वांदे अबिंबोला यांचे संकलन मुख्यतः ओयो परिसरातील जाणकारांच्या पाठांतरावर आधारलेले आहे. म्हणून ‘योरुबांचे मत असे’ या शब्दप्रयोगाऐवजी, कोणत्या ओडूतील कोणते पद्य, कोणत्या गावी नोंदलेले, एवढे सांगणे अभ्यासाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचे ठरते.