एका पोशाखात पृथ्वीप्रदक्षिणा

नोव्हेंबर १८८९. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या वृत्तपत्राची २५ वर्षांची बातमीदार नेली ब्लाय सकाळीच एका कपडे शिवणाऱ्याच्या दुकानात शिरली. तीन महिने रोज वापरता येईल असा पोशाख तिला हवा होता, आणि तोही त्याच संध्याकाळपर्यंत! ज्यूल व्हर्नच्या कादंबरीतल्या नायकाला पृथ्वीप्रदक्षिणेला ८० दिवस लागले होते. तिला त्याहून कमी दिवसांत ती पुरी करायची होती. वर्षभरापूर्वी तिनं ही कल्पना मांडली, तेव्हा कचेरीतून उत्तर मिळालं होतं की, बाईला सोबतीला कोणीतरी लागणार आणि बरोबर ढीगभर पेट्याही. म्हणजे तिचं जाणं अडलं होतं ते निम्मं कपड्यांवरच.

दुकानदारानं निवडलं निळं ब्रॉडक्लॉथ आणि उंटाच्या केसांचं चौकटीचं कापड. एक मेंढीची लोकर, दुसरे उंटाचे केस. दोन्ही केराटिन या प्रथिनाचे बनलेले. आपले केस आणि नखंही त्याचीच. ही निवड अचूक का होती?

रात्री ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपलं, की सकाळी सोडलेले केस लहरी दिसतात. पुन्हा भिजवले की लहरी गेल्या. वर्गातल्या मुलींना हे सांगावं लागणार नाही. केराटिनचे लांबलचक रेणू स्प्रिंगसारखे वळलेले असतात आणि हायड्रोजन बंधांनी आपापल्या जागी धरलेले असतात. पाणी मिळालं की हे बंध सुटतात, आणि धागा वाळताना नव्या जागी पुन्हा जुळतात. वाफेची उष्णता मिळाली तर हे काम आणखी झटपट होतं. ओला लोकरीचा धागा जवळजवळ ३० टक्के ताणला, तरी सोडल्यावर मूळ लांबीवर येऊ शकतो. कापसाचा धागा एवढा ताण सोसत नाही.

आता शिंप्याची अडचण पाहा. कापड सपाट, शरीर गोलाईचं. संत्र्याला कागद गुंडाळून पाहा, चुण्या पडणारच. सुती किंवा रेशमी कापडाला टक घालून, चुण्या घेऊन, तुकडे कापून गोलाई आणावी लागते. लोकरीचं कापड मात्र ओलं फडकं ठेवून गरम इस्त्रीनं एका जागी आटवता येतं, दुसऱ्या जागी ताणता येतं. एखाद्या चांगल्या लोकरी कोटाचा खांदा निरखून पाहा. बाहीचा वरचा घेर मुंढ्याच्या घेरापेक्षा मोठा बेतलेला असतो, तरी शिवणीवर चुणी दिसत नाही. जास्तीचं कापड वाफेनं आटवलेलं असतं. माझ्या मते शिंप्याचं खरं हत्यार कात्री नव्हे, इस्त्री!

ही विद्या युरोपात प्रामुख्यानं पुरुषांचे कपडे शिवणाऱ्या शिंप्यांकडे होती. स्त्रियांचे झगे शिवणाऱ्या कारागीर वेगळ्या. फक्त घोड्यावर बसण्याचा पोशाख स्त्रिया पुष्कळदा शिंप्याकडून शिवून घेत. एकोणिसाव्या शतकात आगगाड्या आणि आगबोटी आल्या, स्त्रियांचा प्रवास वाढला, आणि इंजिनाचा धूर, काजळी, समुद्राचा वारा यांपुढे रेशमी झगे टिकेनात. इंग्लंडजवळच्या वाइट बेटावर काउझ हे शिडाच्या नौकांच्या शर्यतींचं गाव आहे. तिथले कापडविक्रेते जॉन रेडफर्न यांनी १८७०च्या दशकापासून नौकाविहाराला जाणाऱ्या स्त्रियांसाठी लोकरी सर्जचे अंगाबरोबर बेतलेले पोशाख करायला सुरुवात केली. जाकीट आणि साधा स्कर्ट ही जोडी मग बोटीवरून रस्त्यावर आली.

ब्रॉडक्लॉथची आणखी एक खुबी होती. लोकरीच्या धाग्यावर सूक्ष्म खवले असतात. विणलेलं कापड भिजवून कुटलं की खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं आणि दाट होतं. आपल्याकडचा नमदा याच गुणामुळे, न विणताच तयार होतो. अशा दाट कापडातून वारा सहज शिरत नाही, पावसाचे थेंब काही वेळ वरच राहतात. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही हाताला ओली लागत नाही. आणि रात्री पोशाख दमट हवेत टांगला, की दिवसभराच्या बऱ्याच चुण्या आपोआप सुटतात. कारण तेच, वेणीच्या केसांचं.

या पोशाखानं सगळं मोकळं केलं असं मात्र नाही. नीटस जाकिटाच्या आत बहुधा कॉर्सेट आवळलेलं असे. लंडनमध्ये १८८१ साली स्थापन झालेल्या 'रॅशनल ड्रेस सोसायटी'नं स्त्रीच्या आतल्या कपड्यांचं वजन ७ पौंडांच्या, म्हणजे सव्वातीन किलोंच्या आत असावं असं सुचवलं होतं. ही सुधारकांची मर्यादा! एरवी किती ओझं वागवत असतील?

नेलीनं उष्ण प्रदेशासाठी एक हलका पोशाखही शिवून घेतला होता. तिच्याजवळ एकच हातपिशवी होती, तळाशी १६ इंच लांब आणि ७ इंच रुंद. हलका पोशाख तीत मावेना. तो तिनं मागे ठेवला, आणि १४ नोव्हेंबरला अंगावरच्या एका पोशाखानिशी बोटीत चढली. २५ जानेवारी १८९० रोजी ती परतली, तेव्हा ७२ दिवस झाले होते.