छाती हालंना

"लई भराभरा बोलतंय, पण दम कुठं घेतंय?" उमापूरला आमच्या ओसरीवर बसलेल्या आजीनं माझ्या मोबाइलकडे बघत विचारलं. पडद्यावर एक देखणा तरुण कापसावरच्या बोंडअळीची माहिती देत होता. कोट, केस, दात, सगळं माणसाचं. तो संगणकानं घडवलेला आहे हे मी सांगायच्या आतच आजीला सुगावा लागला होता. "छाती हालंना त्याची," ती म्हणाली आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

जपानचे रोबोतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० साली नेमकं हेच मांडलं होतं. यंत्राचं रूप माणसाजवळ सरकत जातं तसतशी आपली आपुलकी वाढते, पण अगदी जवळ पोचल्यावर ती एकदम ढासळते आणि अंगावर शहारा येतो. या जागेला त्यांनी 'दरी' म्हटलं. त्यांचं एक उदाहरण कृत्रिम हाताचं आहे. बघताना खरा वाटतो, हातात घेतला की गार लागतो. उलट बुनराकू या जपानी नाट्यातली बाहुली जवळून कुणालाच खरी वाटत नाही, तरी रंगमंचावर ती प्रेक्षकांना आपलीशी वाटते.

हे कळायला आपल्याला जपानपर्यंत जायला नको. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या मांडीवरचा अर्धवटराव घ्या. जबडा वरखाली होतो, डोळे फिरतात, तो बाहुला आहे हे लहान पोरालाही दिसतं. तरी तो बोलायला लागला की आपण पाध्यांकडे नाही, त्याच्याकडे बघतो. कारण तो ऐकतो, अडतो, उलट उत्तर देतो.

म्हणजे जीव लागतो तो चेहऱ्यापेक्षा प्रतिसादाला. अमेरिकेत सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 'एली' नावाची आभासी मुलाखतकार तयार केली. ती योग्य वेळी मान डोलावते, हुंकार देते, थांबते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काही जणांना सांगितलं की एलीला संगणक चालवतोय, काहींना सांगितलं की मागे माणूस बसलाय. संगणक आहे असं समजणाऱ्यांनी मन जास्त मोकळं केलं, दुःखही कमी लपवलं. समोर नावं ठेवणारं कुणी नाही, हाच तो दिलासा. मला या निष्कर्षानं आशाही वाटते आणि धास्तीही. कर्जाचं, घरातल्या भांडणाचं जे भावकीत बोलता येत नाही, ते यंत्रापाशी बोललं जाईल. ते पुढं कुणाच्या हाती पडतं, हे बोलणाऱ्याला आधी कळायलाच हवं.

आपल्याकडे २६ मे २०२४ रोजी डीडी किसान वाहिनीवर क्रिश आणि भूमी हे एआय निवेदक आले. ५० भाषांत बोलू शकतील असे, न थकणारे. हवामान, बाजारभाव सांगायला उत्तम. पण शेतकऱ्याला भाव ऐकल्यावर लगेच विचारायचं असतं, "मग माझा कापूस आत्ता घालू का थांबू?" आपुलकीची परीक्षा तिथून सुरू होते.

आजी ओसरीवर शेंगा फोडत होती त्याच दिवशी संध्याकाळी शेजारच्या माउलीला ऊसतोडीवर गेलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल आला. कोपीत अंधार, रेंज तुटक. लेकीचा चेहरा चौकोन चौकोन होऊन थिजला, ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. माउलीनं फोन कानाला लावला आणि विचारलं, "खोकला लागलाय का गं तुला?"