पुस्तक मिटल्यावर काय उरते?

“समजले का?” असे विचारले की आमच्या रत्नागिरीच्या अभ्यासवर्गात सगळ्या माना हलतात. मुले खोटे बोलत नाहीत. दोनदा वाचलेले पान ओळखीचे वाटते आणि ओळखीचे ते आले, असा समज होतो. शिवाय जी मुलगी घरी कातकरी बोली बोलते आणि कॉलेजसाठी पुस्तकी मराठी वाचते, तिला चारचौघांत “नाही” म्हणणे जड जाते.

म्हणून तोंडी विचारण्यापेक्षा मी स्वयंमूल्यमापनावर भर देते. ही पद्धत काही माझी नव्हे. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकांत स्वयं-अध्ययनाचे प्रश्न असतात. शिक्षक समोर नाही, विद्यार्थी दिवसभर राबून रात्री वाचणार, हे तिथे धरलेलेच असते. मुले मात्र नेमके तेच प्रश्न सोडून पुढे जातात!

आम्ही असे करतो. एक भाग वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि तीन प्रश्न घ्यायचे. उत्तराआधी प्रत्येकापुढे खूण करायची: येते, अर्धवट येते, येत नाही. मग उत्तर लिहून, पुस्तक उघडून, आपले आपण तपासायचे. गुण नाहीत. “येत नाही” ही खूण मला चिंतेची वाटत नाही. “येते” अशी खूण आणि उत्तर चुकलेले, तिथे खरे काम असते.

अर्थशास्त्रात एकीने “येते” अशी खूण करून लिहिले, ‘मागणी म्हणजे वस्तू हवी असणे.’ पुस्तकाशी ताडून पाहिल्यावर तिचे तिलाच उमगले: इच्छेबरोबर पैसे आणि ते खर्चण्याची तयारीही लागते. “म्हणजे आमच्या घरी पंखा हवा आहे, पण मागणी नाही,” ती म्हणाली. इतके चांगले उदाहरण मला सुचले नसते.

अमेरिकेत रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र त्यांना सुमारे ४२ टक्के आठवले, आणि न बघता आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के.

दीर्घोत्तरी प्रश्नांना ही पद्धत अपुरी पडते. मांडणी कुठे ढासळली, हे लिहिणाऱ्याला सहसा दिसत नाही. दिवाळीनंतर काही घरे वीटभट्टीवर जातात, तेव्हा वह्या मुलांबरोबर जातात आणि उत्तरे तपासायची राहतात. मंडळीतील निवृत्त शिक्षकांनी महिन्यातून एक शनिवार दिला, तर ती तपासता येतील.